उलट्या टोपीची रोजगार हमी

अमेरिकेतल्या कॉलेज बेसबॉलवर अधिकारवाणीने बोलायला लागते ती पात्रता माझ्याकडे पुरेपूर आहे: मी तो कधी खेळलेलो नाही. खेळलेल्या माणसाला शंका असतात, मला नाहीत. क्रिकेटवर पोसलेला मराठी माणूस बॅट आणि चेंडू एकत्र दिसले की मत द्यायला मोकळा होतो, आणि मी तर मत मागितलं नसताना देणाऱ्या शाखेतला. तर माझं मत असं. मे महिन्याच्या अखेरीस परीक्षा उरकून 64 संघ ओमाहा शहरातल्या अंतिम स्पर्धेच्या वाटेवरच्या बाद फेरीला लागतात. त्या वेळी व्यायामशाळा, व्हिडिओ, आकडेवारी वगैरे सगळं असतंच. पण त्यांच्या तयारीतला सगळ्यात तर्कशुद्ध भाग म्हणजे दाढी न करणं, मोजे न धुणं आणि संघ मागे पडला की डगआउटमधल्या, म्हणजे मैदानाकडेच्या बाकावरच्या, सगळ्यांनी टोप्या आतलं अस्तर बाहेर काढून घालणं. हसायला हरकत नाही, फक्त शेवटपर्यंत ऐकून हसा.

आधी साधा हिशोब. संघात तीस-पस्तीस पोरं असतात. मैदानावर नऊ, शिवाय पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, वतीने फक्त बॅटिंग करणारा एक, असे दहा. पिचर बदलत राहतात, म्हणून आणखी चार-पाच जणांच्या अंगाला घाम येईल असं धरू. उरलेले पंधरा-वीस जण काय करतात? सूर्यफुलाच्या बिया फोडतात. फेब्रुवारीपासून पन्नासेक सामने बिया फोडणाऱ्या या माणसाला, ज्या दिवशी सगळं पणाला लागलेलं असतं त्या दिवशी, करायला काहीच नसतं. महाराष्ट्राने 1972च्या दुष्काळात हा प्रश्न सोडवला होता. हाताला काम नाही? खडी फोडा. त्या खडीचा रस्ता कुठे जाणार, असं विचारणारे शहाणे तेव्हाही होते. पण माणसाला हातावर हात धरून बसू द्यायचं नाही, हा त्यातला विचार पक्का होता आणि 1977 साली त्याचा कायदाच झाला. उलटी टोपी ही बाकावरच्या खेळाडूची रोजगार हमी आहे. काम अंगमेहनतीचं नाही, कौशल्य लागत नाही, आणि मागेल त्याला मिळतं.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: ही अंधश्रद्धा आहे, आणि शिकलेल्या मुलांना शोभत नाही. आक्षेप घेणाऱ्यांनी जॉर्ज ग्मेल्च यांचा 1971चा ‘बेसबॉल मॅजिक’ हा निबंध पाहावा. ग्मेल्च स्वतः व्यावसायिक बेसबॉलच्या खालच्या पायऱ्यांवर खेळले आणि नंतर मानवशास्त्रज्ञ झाले, म्हणजे माझ्या व्याख्येनुसार थोडे अपात्रच. त्यांनी आधार घेतला मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीच्या निरीक्षणाचा: ट्रोब्रिअंड बेटांवरचे कोळी शांत खाजणात मासे धरताना मंत्रतंत्र करत नाहीत, खुल्या समुद्रावर जाताना मात्र सगळं साग्रसंगीत करतात. बेसबॉलमध्ये ग्मेल्चना तेच दिसलं. क्षेत्ररक्षणात शंभरातले सत्त्याण्णव चेंडू नीट हाताळले जातात, तिथे तोडगे जवळजवळ नाहीत. बॅटिंगमध्ये दहापैकी तीनदा यश आलं तर माणूस थोर ठरतो, आणि पिचिंगमध्ये सगळं करूनही नशिबाचा भाग उरतोच. तोडगे सारे तिथे. म्हणजे पोरं मूर्ख नाहीत, त्यांना खाजण आणि समुद्र यांतला फरक बरोबर कळतो. आपल्याकडेही रोजच्या वरणभातासाठी कुणी देव पाण्यात घालत नाही. ते बारावीच्या निकालासाठी.

‘पण कार्यकारणभाव?’ असं विचारणारे असतातच. त्यांच्या बाजूने मीच पुरावा देतो. 1948 साली मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी भुकेल्या कबुतरांना ठराविक वेळाने आपोआप दाणे मिळतील अशी सोय केली. कबुतर काहीही करो, दाणे येणारच. तरी एक कबुतर गोल फिरू लागलं, एक कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं, आणि प्रत्येकाला वाटत राहिलं की दाणे आपल्यामुळेच येतात. (निदान तसं वागत राहिलं, कबुतराला काय वाटतं हे मी अधिकाराने सांगतोय हे माझ्याही लक्षात आलं.) आता यातलं कबुतर कोण, हे ठरवताना जरा जपून. सचिन नव्वदीत असताना ज्या देशात लाखो माणसं खुर्चीतून उठली नाहीत, घरातल्या कुणाला पाणी पिऊ दिलं नाही आणि शतकातला थोडा वाटा मनातल्या मनात स्वतःच्या नावावर लावला, त्या देशातल्या लेखकाने ओमाहाच्या पोरांना कार्यकारणभाव शिकवू नये.

टोपीबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलायचं आहे. विषय तसा बाजूचा आहे, पण मराठी माणसाने टोपीवर बोलायचं नाही तर कुणी? आपल्या भाषेत टोपी ही वस्तू मुळातच संशयित आहे. कुणाला टोपी घातली म्हणजे त्याला फसवलं. टोपी फिरवली म्हणजे पक्ष बदलला, आणि ती फिरवण्याची सफाई आपल्या राजकारणात अशी की बेसबॉलवाल्यांनी शिकवणी लावावी. पगडी डोक्यावर असताना अब्रू होती, जागेच्या व्यवहारात शिरली तेव्हा काळा पैसा झाली. डोकं तेच, आणि मजकूरही बहुधा तोच. म्हणून उलटी टोपी घातलेला तरुण दिसला की आपला पहिला विचार ‘हा कुणाला फसवतोय?’ असाच येतो. ही टोपी मात्र कुणालाच फसवत नाही. तिची शिवण, तिचं घामाने पिवळं पडलेलं अस्तर, सगळं उघडं. टोपी फिरवूनही पक्ष न बदलणारी माणसं पाहायची असतील तर मराठी डोळ्यांना डगआउटपर्यंतच जावं लागेल. आणि याची टोपी त्याच्या डोक्यावर करण्याची कला? ती तिथे खेळाडूंकडे नाही, प्रशिक्षकाकडे. कित्येक वर्षं नियम असा होता की वरच्या गटातल्या एका संघाला मिळून 11.7 शिष्यवृत्त्या. त्या वाटायच्या जास्तीत जास्त 27 जणांत, आणि मिळेल त्याला निदान पाव. दशांश सात खेळाडू कसा दिसतो ते देव जाणे, पण एकत्र कुटुंबात एका पगारावर सण काढणाऱ्या कुठल्याही आजीला हे गणित चटकन जमलं असतं. 2025मध्ये मोठ्या संघांपुरती ही मर्यादा उठली. तोवर मात्र यातल्या बहुतेक पोरांचे आईबाप पोराला बिया फोडता याव्यात म्हणून फीचा मोठा भाग स्वतः भरत होते.

आता जड आक्षेप. खरी तयारी म्हणजे पिचरांच्या हातांचं नियोजन, असं जाणकार म्हणतात. चार संघांचा गट, दोन पराभव झाले की घरी. त्यामुळे पहिलाच सामना हरलेल्या संघाला दोन-तीन दिवसांत सामन्यांची रांग लागते. कॉलेजचा मुख्य पिचर आठवड्यातून एकदाच टाकतो, शुक्रवारचा वेगळा, शनिवारचा वेगळा. रविवारी रात्रीपर्यंत दमले नाहीत असे हातच शिल्लक राहत नाहीत. हे सगळं खरं आहे आणि माझ्याच बाजूचं आहे. कारण त्या रात्री आठव्या-नवव्या क्रमांकाच्या पिचरला हाक येते, म्हणजे ज्याने मोसमभर टोपी उलटसुलट केली त्यालाच. तोवर त्याचं मन सामन्यात कुणी ठेवलं? खडी फोडणाऱ्याची निदान हजेरी तरी लागलेली असते. फ्रेस्नो स्टेट 2008 साली आपल्या चार संघांच्या गटात शेवटच्या मानांकनावर होता. त्या मोसमात 31 सामने हरला आणि तरी विजेता झाला. हे उलट्या टोपीमुळे झालं असं मी म्हणत नाही. तसं म्हणायची मला तीव्र इच्छा आहे, एवढंच म्हणतो.

वॉरन मॉरिसचं उदाहरण तर माझ्या विरुद्ध वापरलं जातं. 1996चा अंतिम सामना, लुइझियाना स्टेट मायामीच्या एका धावेने मागे, शेवटची इनिंग, दोन बाद, तिसऱ्या तळावर एक खेळाडू. मॉरिसच्या मनगटातलं मोडलेलं हाड शस्त्रक्रियेने काढलेलं, बराचसा मोसम बाहेर बसण्यात गेलेला, त्या वर्षी एकही होमरन नाही. पहिलाच चेंडू त्याने उजव्या कुंपणापलीकडे पाठवला आणि सामना संपला. लोक म्हणतात: बघा, जिद्द! मेहनतीचं फळ! इथे माझी खरी चिडचिड होते. मेहनत तर मायामीच्या पोरांनीही केली होती. जिंकलेल्याच्या घामाला फळ म्हणायचं आणि हरलेल्याच्या घामाला नुसता घाम, ही लबाडी भाषणं ठोकणाऱ्यांना परवडते, डगआउटला परवडत नाही. थोरले बुश, पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले, याच स्पर्धेच्या पहिल्या दोन वर्षी, 1947 आणि 1948 साली, येलकडून पहिल्या तळावर खेळले आणि दोन्ही वेळा अंतिम लढत हरले. त्यांची मेहनत कमी पडली असं म्हणायला मी धजणार नाही. उलटी टोपी निदान प्रामाणिक आहे. ती कबूल करते की आमच्या हातात होतं ते सगळं झालं, आता उरलंय ते आमच्या हातात नाही.

आणि उरतं ते फार नसतंच. 64तले 63 संघ पराभवावरच संपतात, स्पर्धेचा नियमच तसा आहे. व्यावसायिक संघांकडून बोलावणं येईल अशी पोरं थोडी. बाकीच्यांचा हा आयुष्यातला शेवटचा सामना, आणि तो शेवटचा होता हे शेवटचा माणूस बाद झाल्यावरच कळतं. दुसऱ्या दिवसापासून कुणी विमा विकणार, कुणी शाळेत शिकवणार, कुणी बापाच्या दुकानात बसणार. न धुतलेल्या मोज्यांनी आणि वाढलेल्या दाढ्यांनी धाव मिळते असं त्यांनाही वाटत नसावं. आणखी एक दिवस एकाच बसमधून जाता यावं, एवढीच त्यांची मागणी असते. बाद झाल्याचा हात वर जातो, समोरच्या डगआउटमधून पोरं धावत मैदानात घुसतात. या बाजूला मात्र पंधरा-वीस जण कठड्याला रेलून अस्तर बाहेर काढलेल्या टोप्यांत तसेच उभे राहतात. खेळ संपलेला असतो आणि रांगेत उभं राहून हस्तांदोलनही करायचं असतं, तरी टोपी आधी कुणी सुलटी करायची ते ठरत नाही.