दूरस्थ दंतचिकित्सा : स्वरूप, साधने व मर्यादा

डॉक्टर एका ठिकाणी, दाढ दुसऱ्या ठिकाणी आणि ठणका थेट कानशिलापर्यंत, अशा व्यवस्थेस दूरस्थ दंतचिकित्सा म्हणतात. भारतात तिचा घरोघरी प्रसार २०२०च्या कोविड टाळेबंदीत झाला. त्यामागचे कारण शास्त्रीय होते. दाढ कोरणारा एअरोटर मिनिटाला तीन-चार लाख फेरे घेतो. त्याला गार ठेवायला पाण्याचा फवारा लागतो आणि तो रुग्णाच्या लाळेसकट खोलीभर उडतो. सहा फुटांवरून दाढ कोरण्याचे अवजार निघालेले नसल्याने दवाखाने बंद झाले आणि फोन सुरू झाले.

कायदेशीर बाजू : टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, जाहीर झाली. पण ती वैद्यक परिषदेच्या कायद्याखालील डॉक्टरांसाठी होती. दंतवैद्यांचा कायदा तेव्हा निराळा, १९४८चा होता. दात हा शरीराचा भाग आहे, हे कायद्याने तोवर पुरते मनावर घेतलेले नव्हते. मे महिन्यात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी स्वतंत्र सूचना काढल्या. संसर्गाच्या प्रमाणानुसार क्षेत्रांना रंग दिलेले होते. या सूचनांनुसार प्रतिबंधित क्षेत्रात दवाखाना बंद, फक्त फोनवरून तातडीच्या रुग्णांची निवड. लाल क्षेत्रात केवळ तातडीचे उपचार. नारिंगी व हिरव्या क्षेत्रांत तपासणी, पण काम तातडीचेच. कीड मात्र सर्व रंगांत सारख्याच निष्ठेने काम करीत होती. तिला पास लागत नसे.

साधने : मोबाइल, दुसऱ्या मोबाइलचा टॉर्च, स्टीलचा चमचा व घरातील एक थरथरता हात. रुग्णाने आ वासावा, चमच्याने गाल बाजूला ओढावा आणि त्याने श्वास रोखलेल्या क्षणी छायाचित्रकाराने फोटो काढावा. श्वास सुटल्यास भिंगावर वाफ धरते. पहिल्या फोटोत पडजीभ येते, दुसऱ्यात चमच्यात उमटलेला छायाचित्रकार. तिसऱ्यात दाढ येते, पण सेल्फी कॅमेऱ्याने डावे-उजवे उलटे केल्यास ती विरुद्ध पक्षात गेलेली असते. डॉक्टरांना पाठवायचा फोटो घाईत कुटुंबाच्या ग्रुपवर पडणे, हा या पद्धतीतील सर्वाधिक आढळणारा उपद्रव होय. तोंडावर मास्क सक्तीचा असण्याच्या काळात घराण्याची किडलेली दाढ प्रथमच पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंत सर्वांनी पाहिली.

निदान : येथे फोन खरोखर उपयोगी पडतो. गार पाण्याने उठलेली कळ लगेच गेली, तर नस वाचण्याची आशा असते. कळ रेंगाळली, रात्री आडवे होताच ठणका वाढला, तर बहुधा रूट कॅनालवाचून सुटका नसते. चेहऱ्याची सूज गळ्याकडे उतरू लागली, ताप आला, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास झाला, तर फोन ठेवून रुग्णालय गाठावे. ब्रेसेसची टोचणारी तार किंवा कवळीचा व्रण यांवर घरच्या घरी करण्याजोगा तात्पुरता तोडगाही फोनवर सांगता येतो.

उपचार : इंग्लंडने नित्याचे दंतोपचार थांबवून तीन ‘ए’ ठरवले : ॲडव्हाइस, ॲनाल्जेसिक, ॲंटिबायोटिक. महाराष्ट्राने त्यांत आत्येची भर घातली. आत्येच्या लवंगेला आधार आहे. लवंगेतले युजेनॉल दंतवैद्यही तात्पुरत्या सिमेंटात वापरतात. पण लवंगेचे तेल थेंबाऐवजी चमच्याने ओतले, की हिरडी पोळते आणि एका दुखण्याची दोन होतात. प्रतिजैविकाची गत याहून वेगळी नाही. सूज किंवा ताप नसताना केवळ नसेच्या ठणक्यावर बहुतेकांना त्याची गरज नसते, असे अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९मध्येच सांगितले होते. तथापि गोळीचे नाव व्हॉट्सॲपवर पाठवता येते, रूट कॅनाल पाठवता येत नाही. त्यामुळे जे पाठवता येई, तोच उपचार ठरला. गोळ्यांचा कोर्स संपेपर्यंत ठणका थांबे, रुग्ण बरे वाटल्याचे कळवी आणि नस निमूटपणे मरे. रुग्ण आणि नस दोघेही शांत झाल्याने केस यशस्वी धरली जाई.

परिणाम : दवाखाने उघडल्यावर मार्चमधल्या साध्या फिलिंगची जागा अनेकांच्या तोंडात रूट कॅनाल व कॅपने घेतली होती. जपून ठेवलेले फोटो पाहूनही डॉक्टरांनी एक्स-रेच सांगितला, कारण फोटोत मुळे दिसत नाहीत.

शुल्क : फोनवरचा सल्ला बहुधा ओळखीत मोडत असल्याने विनामूल्य असे. प्रत्यक्ष उपचाराच्या बिलात पीपीई किट व निर्जंतुकीकरण यांच्या ओळी नव्याने आल्या. रुग्णाने पुरवलेला टॉर्च, चमचा व छायाचित्रकार यांची वजावट देण्याची तरतूद कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत नाही.