खांब महावितरणचा, वायर कोणाची?

रत्नागिरीत सध्या दोन विषयांवर कुणीही कुणाशीही भांडू शकतं. मुंबई-गोवा महामार्ग कधी पुरा होणार हा एक, आणि घरात केबल ठेवावी की फायबर घ्यावं हा दुसरा. पहिल्याला उत्तर नाही हे सर्वपक्षीय मान्य झालंय. त्यामुळे हल्ली मारुती मंदिरपासून मांडवीपर्यंत सगळा जोर दुसऱ्यावर आहे.

सकाळी पेपर झटकला की त्यातून एक पत्रक पडतं. राउटर फुकट, जोडणी फुकट, डझनभर ॲप फुकट, इंटरनेट अमर्याद. एवढं फुकट वाटणारे लोक एरवी पाच वर्षांतून एकदाच दारात येतात. पत्रकाच्या तळाशी, भिंग घेतल्यास वाचता येईल अशा टाइपात, अमर्यादाची हद्द दिलेली असते. मोठ्या कंपन्यांची ती बहुधा महिन्याला ३३०० जीबी असते. ती आमच्या आळीत कुणी ओलांडेल असं वाटत नाही, शेजारच्या वहिनींचा बारावीला बसलेला मुलगा सोडून.

वेगाचा आकडा तर हापूसच्या पेटीचं वजन लाकडासकट सांगावं तसा. कंपनी बिटमध्ये मोजते, आपला फोन फाइल उतरवताना बाइटमध्ये. म्हणून १०० एमबीपीएसला आठाने भागायचं, सेकंदाला साडेबारा एमबी उरतात. तेसुद्धा पडवीत. कारण वायर पडवीतून आत येते, राउटर तिथेच खिळ्याला लटकतो आणि पुढे जांभ्याची जाड भिंत. त्यातून वायफाय माजघरात पोचेपर्यंत अर्धमेलं होतं आणि स्वयंपाकघरात पोचतच नाही. जोडणीला आलेला पोरगा मात्र राउटरच्या पुढ्यात उभा राहून स्पीड टेस्ट दाखवतो. ‘बघा काका, पंच्याण्णव!’ काकांनी यापुढे पडवीतच राहायचं.

केबलवाल्याला आज सगळे नावं ठेवतात, पण त्याचेही दिवस होते. १९९१ च्या आखाती युद्धानंतर देशभर गच्च्यांवर तबकड्या उगवल्या आणि गल्लोगल्ली केबलवाला नावाचं संस्थान तयार झालं. सरकारला त्याचा कायदा करायला १९९५ साल उजाडलं. तोवर रात्री कोणता सिनेमा लागणार हे तोच ठरवायचा, मुलाच्या मुंजीची जाहिरात टीव्हीवर खालून सरकवायचाही तोच. मग मार्च २०१७ पर्यंत गावोगावी सेट टॉप बॉक्स सक्तीचे झाले आणि १ फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायने ग्राहकाला राजा केलं. जे बघाल तेवढ्याचेच पैसे द्या, असा आदेश. पहिल्या शंभर वाहिन्यांना तेव्हा १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. त्यात दूरदर्शनच्या वाहिन्या सक्तीच्या. बाकी सशुल्क वाहिन्या एकेक निवडून घ्या.

राजाने फॉर्म हातात घेतला. आईला तीन मराठी वाहिन्या हव्या होत्या, बाबांना बातम्या, मला क्रिकेट. बेरीज केली तर पूर्वी सगळं मिळून पडत होतं त्याहून जास्त. केबलवाला शांतपणे म्हणाला, ‘काका, त्यापेक्षा पॅक घ्या.’ पॅकमध्ये आईच्या तीन वाहिन्या होत्या आणि त्यांच्यासोबत आणखी बऱ्याच, ज्यांची लिपीही आमच्या घरात कुणाला वाचता येत नाही. राजाने पॅक घेतला.

आता तंत्राचं बोलायचं तर फायबर सरस आहे, यात वाद नाही. केबलच्या तांब्याच्या तारेत सिग्नल दमतो, म्हणून वाटेत जागोजागी ॲम्प्लिफायर लागतात, आणि त्यांना वीज लागते. खालच्या आळीचा फ्यूज उडाला की वरच्या आळीचा टीव्ही जातो, आपल्या घरी इन्व्हर्टर असला तरी. घरगुती फायबरच्या वाटेत काचेचे नुसते फाटे असतात, त्यांना वीज लागत नाही. एक्स्चेंजला बॅकअप असेल आणि घरातल्या डबीला छोटा यूपीएस लावला, तर महावितरण झोपलं तरी नेट चालू. मे महिन्यात वळवाच्या गडगडाटात तांब्याच्या तारेतून टीव्ही जळतो, काचेतून वीज येत नाही. हे आईला समजावून सांगितलं. तरी आभाळ गुरगुरलं की ती फायबरची पिन उपसते, मग माझ्या मुलाची घरून पुण्यातल्या ऑफिसशी चाललेली मीटिंग तिथेच गोठते.

काचेच्या तंतूतून प्रकाश लांबवर नेता येईल, फक्त काच पुरेशी शुद्ध हवी, हे चार्ल्स काओ यांनी १९६६ मध्ये मांडलं. २००९ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. त्यांच्या हिशेबात माकडं नव्हती. वाराणसीत घाटांवरच्या वायफायचं फायबर माकडांनी चावून खाल्ल्याच्या बातम्या २०१५ मध्ये आल्या होत्या. आमची माकडं खात नाहीत, फणसावरून कौलावर जाताना फक्त झोका घेतात.

माकडांतून वाचलेलं जेसीबी तोडतो. रस्ता खणताना फायबर तुटून देशाचं वर्षाला सुमारे ३००० कोटींचं नुकसान होतं, असं सरकारच सांगतं. त्यावर उपाय म्हणून खणण्याआधी विचारायचं एक ॲप पंतप्रधानांच्या हस्ते २२ मार्च २०२३ ला सुरू झालं. जेसीबीवाल्याने ते उघडावं यासाठी नेट लागतं, ते त्याने नुकतंच तोडलेलं असतं.

मुंबईहून निघालेला प्रकाश काचेतून दोन मिलिसेकंदांच्या आत रत्नागिरीत पोचतो. तुटलेली काच जोडणारा माणूस कुवारबावहून थिबा पॅलेसपर्यंत यायला ‘संध्याकाळपर्यंत बघतो’ म्हणतो. कोणती संध्याकाळ, ते विचारायचं नसतं.

आणि तो माणूस कोण? इथेच निवडीची सगळी मजा आहे. हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांची सूत्रं घेण्याचा सौदा रिलायन्सने ऑक्टोबर २०१८ मध्ये जाहीर केला आणि पुढच्याच सप्टेंबरात जिओफायबर बाजारात आणलं. बीएसएनएलचं फायबरही अनेक ठिकाणी स्थानिक केबलचालकच भागीदार म्हणून घरोघर पोचवतात. म्हणजे वर धनी एकमेकांत मिसळलेले, खाली शिडी एकच. मध्ये आपण, दोन पत्रकं हातात धरून तुलना करत बसलेले.

आमच्या नाक्यावरच्या खांबाकडेच बघा. महावितरणच्या तारेखाली जुन्या टेलिफोनची मेलेली वायर, मेलेल्या केबलची वायर, जिवंत केबलची वायर आणि दोन-तीन फायबर, उरलेल्याची वेटोळी करून अडकवलेली. नवी ओढायला सगळे येतात, जुनी काढायला कुणी येत नाही. त्यातली आपली कुठली हे ओळखणारा अख्ख्या आळीत एकच पोरगा आहे. तो गेल्या वर्षी केबलवाल्याकडे होता, आता फायबरच्या कंपनीचा टी-शर्ट घालतो. केबलची कामंही करतो, तेव्हा टी-शर्ट उलटा घालतो.

घरात शेवटी तडजोड झाली. इंटरनेट फायबरचं, टीव्ही केबलचा. कारण फायबरच्या टीव्हीवर मालिका बघायला आधी ॲप उघडा, मग मोबाइलवर आलेला ओटीपी टाका, आणि तो मोबाइल घेऊन मुलगा पुण्याला गेलेला. आईने पहिल्याच संध्याकाळी निकाल दिला, ‘मला माझा जुना रिमोट द्या. नंबर दाबला की मालिका लागते.’ बिलं दोन झाली.

परवा दोन्ही एकदम बंद पडलं. आईने त्याच पोराला फोन लावला. ‘मेल्या, मालिकेची वेळ झाली, कुठं आहेस?’ तो लगेच आला, शिडी लावली, वर चढला आणि वरूनच ओरडला, ‘आजी, तक्रार फायबरची लिहू की केबलची? फायबरवाले कॉलमागे पैसे देतात.’ आई म्हणाली, ‘केबलची लिही, त्यांचं गेल्या महिन्याचं बिल द्यायचं राहिलंय, तेवढंच तोंड बंद राहील.’