स्थानिक सर्व्हर महाशयांस अनावृत पत्र

श्रीयुत सर्व्हर महाशय, मुक्काम १२७.०.०.१, दरवाजा क्रमांक ७८६०, यांसी सादर प्रणाम वि. वि.

पेणच्या एका मूर्तिशाळेत शाडूच्या मूर्तीची उंची भरली असता किमतीचा अदमास सांगणारे एक लहानसे ॲप आम्ही ज्युपिटरच्या नोटबुकात ग्रॅडिओच्या साहाय्याने उभारले व त्याच्या तैनातीस आपली नेमणूक केली, ती एका दुपारच्या प्रात्यक्षिकापुरतीच होती, हे आपणांस सोयीस्करपणे विस्मरलेले दिसते. ब्राउझरची खिडकी मिटताच आपण गेलात, ही आमची समजूत भाबडी ठरली; खिडकी लावल्याने घरातला माणूस घराबाहेर पडत नाही.

लॅपटॉप मिटून आम्ही संध्याकाळच्या गाडीने रोह्यास आलो. येथे मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वेचा अंमल सुरू होतो. आपला अंमल मात्र अबाधित! झाकण उघडताच आपण जागे, आणि मुखी दुपारचेच चुकीचे दर.

दर दुरुस्त करून कोड पुन्हा चालवला, तो ७८६० आपल्या कबजात असल्याने नवा सेवक ७८६१ वर उभा राहिला आणि तिसरा ७८६२ वर. थांबवण्याचे चौकोनी बटण दाबून पाहिले. पण कोडचा तो तुकडा केव्हाच पुरा झालेला, आणि आपण पडद्याआडच्या निराळ्या थ्रेडवर ठाण मांडलेले. मग 'डेमो.क्लोज()' असा बडतर्फीचा हुकूम काढला, तो तिसऱ्यालाच पोचला. यात दोष आमचा, हे कबूल करतो: तिघांचेही नाव आम्ही 'डेमो'च ठेवले होते, त्यामुळे आधीच्या दोघांना हाक मारण्याची सोयच उरली नव्हती.

ज्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याने लोकसभेत पाठवलेल्या चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर देशाचे अर्थमंत्रिपद आपण होऊन सोडले, त्याच जिल्ह्यात एका दरवाजाचा ताबा सोडताना आपणांस इतके जड जावे, याचे नवल वाटते.

असो. 'क्लोज ऑल' हे सरसकट फर्मान आता काढीत आहोत. ते न मानल्यास नोटबुकाचा कर्नलच बंद केला जाईल, मग आपणांस पाय ठेवायला जागा राहणार नाही. उद्या सकाळी मूर्तिशाळेत नवे दर लावायचे आहेत, तरी तत्पूर्वी ७८६० मोकळा करावा.

कळावे. लोभ आवरावा.

आपला,
एक त्रस्त धनी, रोहे