ध्वनिप्रदूषणाचे आद्य लाभार्थी

पन्नाशी गाठलेल्या मुंबईकर पुरुषाला दोनच विषयांवर भरभरून बोलता येतं: रक्तातली साखर आणि रंगभवनमधला पहिला रॉक शो. साखरेचा आकडा तो थोडा कमी करून सांगतो, रंगभवनच्या गर्दीचा वाढवून. मीही त्याच जमातीतला.

धोबीतलावचं रंगभवन म्हणजे उघड्यावरचं नाट्यगृह. 1980 साली तिथे ‘द पोलीस’ हा ब्रिटिश बँड वाजवून गेला. त्यांना बोलावलं होतं टाइम अँड टॅलेंट्स क्लबच्या बायकांनी, धर्मादाय कामासाठी! पुढे 1986पासून तिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागलं. मुहूर्त स्वातंत्र्यदिनाच्या आगेमागे, म्हणजे ऐन पावसात, आणि डोक्यावर छप्पर नाही. नियोजन एकूण आपल्या परंपरेला धरून होतं.

घरी सांगितलं, मित्राकडे जर्नल पूर्ण करायला चाललोय. आमच्याकडे काळा रंग फक्त संक्रांतीला चालायचा, म्हणून काळा टी-शर्ट पिशवीत कोंबून नेला आणि व्हीटीच्या मुतारीत चढवला. आत शिरलो तर सगळी मुंबई सुतकात असावी तशी काळी. मग ड्रम सुरू झाले आणि बरगड्या आपल्या मालकीच्या नाहीत हे पहिल्यांदा कळलं. गाणाऱ्याचा एक शब्द समजत नव्हता, पण त्याने अडत नव्हतं. दहा हातांतून कॉपी होत आलेल्या कॅसेटवर तो आधीही कधी समजला नव्हता. आपल्यासारखाच लोकलला लटकणारा पोरगा गिटारमधून असला आवाज काढतो, हे बघून घशात काहीतरी अडकलं. (पावसाने धरलेला घसा तो. घरी तेच सांगितलं.)

एखाद्या बँडने स्वतः रचलेलं गाणं काढलं की मात्र पब्लिक खवळायचं. ‘मेडन वाजव, मेडन!’ स्वातंत्र्याच्या सोहळ्यात आम्ही आयर्न मेडनसारख्या इंग्रजांचीच गाणी हवीत म्हणून घसा फोडत होतो.

2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवती शंभर मीटरचं शांतता क्षेत्र. मर्यादा दिवसा 50 डेसिबल, रात्री 40. रंगभवनच्या एका अंगाला झेवियर्स कॉलेज, जवळच कामा आणि जी. टी. रुग्णालय. डीप पर्पल या रॉक बँडने 1972मध्ये लंडनला 117 डेसिबल गाठून गिनीज बुकात नाव घातलं होतं. 40 डेसिबलमध्ये हेवी मेटल वाजवायचं तर कानात येऊन सांगावं लागेल. रंगभवन गप्प झालं आणि मुंबई एकदम शांत झाली. तेव्हापासून विसर्जनाचा डीजे, लग्नाची वरात आणि भाऊ-दादा-साहेबांचे वाढदिवस किती हळू आवाजात होतात, हे आपण ऐकतोच.

तसं नियमांत वर्षातले 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट द्यायची सोय आहे, पण ती धार्मिक किंवा सांस्कृतिक सोहळ्यांना. केस वाढवलेली, काळ्या कपड्यांतली पोरं म्हणजे संस्कृती, असं म्हणायची छाती कुणाची? 1996मध्ये अंधेरीत मायकल जॅक्सन नाचला, तेव्हा मात्र शिवसेना-भाजप युती सरकारने करमणूक कर माफ केला होता. कार्यक्रम शिव उद्योग सेनेच्या मदतीसाठी होता. केस कितीही वाढवा, यजमान नीट निवडावा.

आता सगळंच बदललंय. 2025च्या जानेवारीत कोल्डप्लेने नेरुळला तीन कार्यक्रम केले. त्यांच्या अहमदाबादच्या कार्यक्रमांसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून खास गाड्या सोडल्या, आणि ते उरकून दोन दिवस झाले नाहीत तोच पंतप्रधानांनी ‘कॉन्सर्ट इकॉनॉमी’चं महत्त्व सांगितलं. म्हणजे आम्ही खोटं बोलून, भिजून, शेवटची लोकल पकडून केलं ते देशकार्य होतं! कोल्डप्लेची तिकिटं निघाली तेव्हा मुलीने परवानगी मागितली होती. मी बापाला शोभेल अशा दिलदारीने म्हटलं, ‘जा, काळजी करू नकोस.’

‘6,450 रुपये,’ ती म्हणाली, ‘उभ्याने बघायचे.’