दोन काड्यांचा सीमाप्रश्न

भाचीला पुण्यातल्या एका जपानी कंपनीत नोकरी लागली. त्या आनंदात तिनं आम्हा सगळ्यांना बेळगावात, टिळकवाडीतल्या चायनीज हॉटेलात नेलं. निपाणीहून आत्तीही आली होती. टेबलावरचे काटे-चमचे भाचीनं परत पाठवले आणि प्रत्येकापुढं दोन-दोन काड्या ठेवल्या.

दाजींनी त्या चुलीतला निखारा उचलायच्या चिमट्यासारख्या धरल्या. वैनींनी स्वेटर विणायला घेतला. मी भालाफेक पत्करली: गोबी मंचुरियनला टोचायचं आणि उचलायचं. बेळगावच्या गाड्यांवर टूथपिकनं घोटलेली विद्या ती, वाया कशी जाईल? पण मंचुरियननंतर नूडल्स आल्या, आणि नूडल्स टोचता येत नाहीत.

भाची शिकवायला लागली. खालची काडी अंगठ्याच्या बेचक्यात नि अनामिकेवर टेकवायची, ती हलवायची नाही. वरची पेनासारखी धरायची, हालचाल सगळी तिची. "कळलं का मामा?"

न कळायला काय झालं? सीमाभागात जन्म गेला. आमचीही खालची काडी 1956 पासून जागची हललेली नाही, वरच्यांची हालचाल मात्र दर निवडणुकीला जोरात. 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. चिमटीत अजून काही आलेलं नाही.

"चीनमध्ये काड्या लांब, जपानात आखूड नि निमुळत्या, कोरियात धातूच्या," भाचीनं माहिती पुरवली.

"मग ह्या कुठल्या?" दाजींना कारण हवंच होतं. "दुसऱ्या देशाच्या असतील, म्हणून जमेना."

मी कंटाळून काड्या फ्राइड राइसमध्ये उभ्या खोचल्या. भाची केवढ्यानं ओरडली! जपानात मेलेल्या माणसापुढं ठेवायच्या भातात काड्या अशा उभ्या खोचतात म्हणे.

"म्हंजे पिंडच की रं," आत्ती म्हणाली. "काढ ते आधी."

मी काढल्या. मग तिनं आपल्या काड्या उचलल्या. आत्तीनं निपाणीत चाळीस वर्षं मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्यात. कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, गुंडाळी करून दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. मजुरी हजार विड्यांवर. तिनं काड्या बोटांत एकदा फिरवल्या आणि मंचुरियनवरचा कांद्याच्या पातीचा एवढासा तुकडा अलगद उचलून तोंडात टाकला. मग नूडल्स. एक शेव खाली सांडली नाही. तिची पकड भाचीनं सांगितलेली नव्हती, दोन्ही काड्या हलत होत्या. पण पकड बरोबर की चूक हे घास तोंडात गेला की नाही यावरच ठरावं, असं माझं मत आहे. माझी प्लेट भरलेली बघून ते कुणी मनावर घेतलं नाही.

"आत्तीआजी, तुला कुणी शिकवलं गं?"

"शिकवायचं काय त्यात? हजारावर मजुरी असली की बोटं आपसूक शिकत्यात."

आम्ही बाकीच्यांनी शेवटी चमचे परत मागवले. आत्तीनं आपल्या काड्या पुसून पिशवीत टाकल्या. त्या आता निपाणीला तिच्या देव्हाऱ्यात असतात. समईची वात ती त्यांनीच पुढं सारते.