समासातला कर्ण

पार्ले पूर्वेच्या माणसाला जुहू जवळ असतं, पण आपलं नसतं. रूळ ओलांडायचे, रिक्षात बसायचं, मिठीबाई मागे पडलं की हवा खारट व्हायला लागते आणि दुकानांच्या काचेतल्या वस्तूंना किमतीची चिठ्ठी लावणं बंद होतं. आमच्याकडे टिळक मंदिर, फाटक ग्रंथसंग्रहालय आणि दर चौथ्या घरात पुलंना लहानपणी पाहिलेले एक आजोबा. तिकडे समुद्र, पृथ्वी थिएटर आणि दर चौथ्या घरात अमिताभला कालच पाहिलेला एक गृहस्थ. माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिकडे गेली, तेव्हापासून मी जुहूला जातो तो पिशवीत थोडी संस्कृती घालून. कोणी मागितलेली नसते.

यंदा मात्र मागितली गेली. बहिणीचा फोन आला, "दादा, तुझी भाची आणि तिची गँग रविवारी बागेत बसून कादंबऱ्यांवर बोलते. सगळ्या इंग्रजी. तू जरा जा ना. एखादी मराठी घेऊन जा."

माझ्या व्यासंगाची घरच्यांनी दखल घेतली, असा मी त्याचा अर्थ लावला. त्या दिवशी तिच्याकडे सासरचे पाहुणे होते आणि त्यांच्यासमोर मी नको होतो, हे मागाहून कळलं.

बाग म्हणजे कैफी आझमी उद्यान. कैफीसाहेब जुहूचेच, पृथ्वीला लागून असलेल्या जानकी कुटीरमधले. बंगळुरूच्या कब्बन पार्कातून 2023 साली एक टूम देशभर पसरली, तिचं जुहूचं रूप म्हणजे 'जुहू रीड्स'. ते याच बागेत भरतं. चटई टाकायची, आपलं पुस्तक उघडायचं आणि गप्प बसायचं. अध्यक्ष नाहीत, दीपप्रज्वलन नाही, आभार नाहीत, बटाटेवडा नाही. पुस्तकाच्या कार्यक्रमात चक्क पुस्तक वाचायचं, ही कल्पना आम्हा मराठी मंडळींना सात जन्मांत सुचली नसती. भाचीच्या टोळीला त्यातलं वाचणं आवडलं, गप्प बसणं झेपलं नाही. म्हणून ही सहा-सात सोळा-सतरा वर्षांची पोरं वाचन संपलं की एका झाडाखाली वेगळी बसतात आणि आळीपाळीने पुस्तकाचा निकाल लावतात. प्रत्येकाला दोन मिनिटं. मोबाइलवर घड्याळ लावलेलं.

मी शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' नेली होती. माळ्यावर ट्रंकेत होती, धूळ झटकून तशीच पिशवीत टाकली. आत काय आहे ते उघडून पाहायला हवं होतं असं आता वाटतं. पण 'मृत्युंजय'मध्ये काय आहे हे मराठी माणसाला उघडून का पाहावं लागतं?

पहिल्यांदा एका कुरळ्या केसांच्या मुलाने दोस्तोएव्स्कीची 'व्हाइट नाइट्स' काढली. मला बरं वाटलं. दोस्तोएव्स्की म्हणजे आपल्या इयत्तेतला लेखक. त्याची 'क्राइम अँड पनिशमेंट' माझ्या कपाटात कित्येक वर्षं अत्यंत चांगल्या स्थितीत आहे. मुलगा म्हणाला, "चार रात्री. फक्त चार रात्री भेटते नास्तेंका, आणि हा आयुष्यभराचं प्लॅनिंग करून बसतो. 1848 चं पुस्तक आहे, पण हा माणूस आमच्या कॉलेजात आहे. वाचायला दीड तास लागला. नंतर मी दोन दिवस कुणाच्या मेसेजला उत्तर नाही दिलं."

"याच्यावरच भन्साळीचा 'सावरिया' होता," मी माहिती पुरवली.

"हो, म्हणून आम्ही पुस्तक वाचतो," तो म्हणाला.

मग एकीने कॉलीन हूव्हरची 'इट एंड्स विथ अस' उचलली. "मी ही तीनदा वाचली आणि मला ही अजिबात आवडत नाही," एवढं बोलून तिने दोन मिनिटांतला उरलेला वेळ परत केला. एवढी संपूर्ण समीक्षा मी कुठल्याच दिवाळी अंकात वाचलेली नाही. दुसऱ्याने सातशेहून जास्त पानांच्या 'अ लिटल लाइफ'बद्दल सांगितलं की लेखिका हुशार आहे, पण नायकाला इतकं छळते की मध्येच कोणीतरी तिच्या हातून पेन काढून घ्यायला हवं होतं. शेवटी गोल चष्म्याची एक मुलगी मॅडलिन मिलरची 'द सॉन्ग ऑफ अकिलीझ' मांडीवर घेऊन बोलली. तिच्या पुस्तकातून रंगीत चिकटचिठ्ठ्या बाहेर आल्या होत्या: निळी म्हणजे रडले, गुलाबी म्हणजे प्रेम, पिवळी म्हणजे लेखिकेशी भांडण. निळ्या जास्त होत्या.

"अकिलीझ मरतो हे सगळ्या जगाला माहीत आहे," ती म्हणाली. "मलाही होतं. तरी शेवटपर्यंत मला वाटत होतं, या वेळी नाही मरणार."

मग मी. तयारी दांडगी होती. मराठी कादंबरीचा प्रवास 1857 च्या बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून सुरू करून 'बनगरवाडी', 'कोसला' अशी स्थानकं घेत 'मृत्युंजय'वर उतरायचं ठरलं होतं. यमुना या तरुण मुलीच्या डोळ्यांनी विधवांची दुःखं कशी दिसली ते सांगितलं. तिथून 1890 मध्ये 'करमणूक' पत्रात क्रमशः सुरू झालेल्या हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'वर आलो. तीही एका मुलीनेच सांगितलेली कहाणी, नाव यमू.

"थांबा अंकल," कुरळा म्हणाला. "आधी यमुना, मग यमू? म्हणजे दुसरी पहिलीची फॅनफिक्शन आहे?"

मराठी कादंबरीच्या इतिहासाला हा प्रश्न कोणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. मी उत्तर जुळवतोय तोवर घड्याळ वाजलं. हरिभाऊंनी शीर्षकात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर गोल करून बसलं होतं. सावंतांपर्यंत पोचायला अजून सत्त्याहत्तर वर्षं बाकी होती. घाईघाईने एवढंच म्हणालो की 1967 ची कादंबरी आहे, कोल्हापूरच्या सत्ताविशीतल्या एका मास्तरांनी लिहिलेली, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण आपापल्या तोंडून गोष्ट सांगतात, आणि शेवटी कर्ण जेव्हा मरतो...

"स्पॉयलर!" चारजण एकदम ओरडले.

तेवढ्यात भाचीने पुस्तक उचलून उघडलं आणि किंचाळली, "गाइज! यात ॲनोटेशन्स आहेत! व्हिंटेज!"

पोटात गोळा आला म्हणजे काय होतं ते मला नेमकं त्या क्षणी कळलं. 1984 साली, दहावीत असताना, ही प्रत मला वक्तृत्व स्पर्धेत मिळाली होती आणि मे महिन्याच्या सुट्टीत मी ती हातात टोकदार पेन्सिल घेऊन वाचली होती. जवळजवळ एकही समास कोरा सोडला नव्हता.

"सेकंडहँड आहे," मी म्हणालो. "माटुंग्याला फुटपाथवर घेतलेली. कोणाची कोण जाणे."

पहिल्या पानावर बक्षिसाची चिठ्ठी चिकटवलेली होती. माझं नाव, आडनाव, इयत्ता, तुकडी यांचा घास कसरीने घेतला होता. कसरीने माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार. तिने शिल्लक ठेवला होता तो फक्त 'उत्तेजनार्थ' हा शब्द.

"म्हणजे त्याला पहिलं नाही मिळालं," चष्मेवालीने निष्कर्ष काढला. "दुसरं नाही, तिसरंपण नाही. म्हणूनच तो कर्णाशी इतका रिलेट करतोय."

भाची इंग्रजी माध्यमाची. मराठी वाचते ती एकेक अक्षर सोडवून, त्यामुळे प्रत्येक वाक्य मृत्युपत्र वाचल्यासारखं गंभीर होत होतं. तिने सुरुवात केली. राजपुत्रांच्या शस्त्रस्पर्धेत कर्णाला कुळ विचारतात, त्या पानावर: "अगदी माझ्यासारखंच!!! कॅप्टन मीच व्हायला हवा होतो!!!" एका लांबलचक निसर्गवर्णनाशेजारी: "सावंतांना इथे कोणीतरी थांबवायला हवं होतं." सूर्यावरच्या एका परिच्छेदाला चौकट आणि बाजूला: "निबंधात वापरणे. 'माझा आवडता ऋतू' किंवा 'पहाट'." दानशूरपणाच्या पानावर: "मीही आजपासून कोणाला नाही म्हणणार नाही." त्याच्याखाली, वेगळ्या पेन्सिलीने: "फक्त सायकल सोडून."

पोरं लोळायची बाकी होती. मी हसण्यात सामील झालो. चेहरा कुठे ठेवायचा हा प्रश्न त्यामुळे सुटला.

"टोटल मेन कॅरेक्टर सिंड्रोम," कुरळा म्हणाला.

"बिचारा लहान असेल हो," मी म्हणालो. "त्या काळात मुलांना व्यक्त व्हायला जागा नव्हती. संवेदनशील वाटतो मला."

"अंकल, तुम्ही का त्याची बाजू घेताय? वस्त्रहरणाच्या पानावर बघा. कर्ण भर सभेत द्रौपदीला वाटेल ते बोलतो, आणि याने काय लिहिलंय? 'मित्रासाठी करावं लागतं.' रेड फ्लॅग! हा मुलगा आणि कर्ण, दोघंही."

एवढ्यात जुहूच्या विमानतळावरून उठलेलं हेलिकॉप्टर डोक्यावरून गेलं. 1932 साली जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन याच धावपट्टीवर उतरले होते. भारतीय हवाई वाहतुकीचं त्यानंतरचं सर्वांत वेळेवरचं उड्डाण हेच, असं मला वाटलं. त्या घरघरीत मी वस्त्रहरणावर काहीतरी समतोल बोलून टाकलं. कोणालाही ऐकू गेलं नाही. मग आवाज विरला आणि भाचीचा सूर बदलला. "ओह. माय. गॉड. इथे मुलगी आहे."

वृषालीचं प्रकरण आलं होतं.

"'अगदी स. सारखे डोळे,'" ती वाचू लागली. पुढे, "'स. ला हे पुस्तक वाचायला द्यायचं. शनिवारी, लायब्ररीच्या जिन्यात.'" मग बराच मजकूर खोडलेला. आणि प्रकरणाच्या शेवटी, खालच्या रिकाम्या जागेत: "'स. ने पुस्तक परत केलं. चाळीस पानांपुढे गेलेली नाही. म्हणाली, फार जड आहे.'"

"हार्टब्रेक!" सगळा घोळका कळवळला. पुढची पाच मिनिटं मराठी साहित्यातल्या कुठल्याही नायकाला मिळाली नसेल एवढी सहानुभूती त्या मुलाला मिळाली. स. ने पुस्तक परत का केलं यावर दोन तट पडले. एक गट म्हणे तिला मुलगा आवडत नव्हता. दुसरा म्हणे मुलगा आवडत असेल, पण जिन्यात उभं करून एवढं जाड पुस्तक हातात देणं ही प्रपोज करायची पद्धत नाही. मला स्वतःला हा दुसरा मुद्दा इतक्या वर्षांत सुचला नव्हता. मी तो मनात टिपून ठेवला, उपयोग आता काही नाही तरी.

"आता काय करत असेल हा?" एकीने विचारलं.

"बँकेत असेल," कुरळा म्हणाला.

मी बँकेतच आहे. "लेखकही झाला असेल कदाचित," मी सुचवलं.

चष्मेवालीने समासावरून बोट फिरवलं. "एवढी उद्गारचिन्हं वापरणारा? नाही होत हो."

मी विषय बदलायला भेळ सुचवली. कोणी हललं नाही. भाची आता भराभर पानं उलटत शेवटाकडे निघाली होती. रथाचं चाक जमिनीत रुततं त्या पानावर ती थांबली. तिथे चौकट नव्हती, खूण नव्हती. अक्षर इतकं बारीक की तिने पुस्तक डोळ्यांजवळ नेलं.

"'या वेळी तरी चाक निघू दे.'"

कोणी हसलं नाही. चष्मेवालीने हात पुढे करून पुस्तक मागितलं, ते वाक्य स्वतः वाचलं, आपल्या पाकिटातली एक निळी चिकटचिठ्ठी काढली आणि त्या पानाला लावली. "ओके," ती म्हणाली. "या मुलाला मी माफ केलं." मग थोडं थांबून, "सायकलीचंसुद्धा."

आता मला सांगावंसं वाटू लागलं की तो मी. तोंड उघडलंही होतं. पण भाचीने नेमकं तेव्हा अखेरचं कोरं पान उलटलं आणि तिथला हिशेब वाचून दाखवला: "गणित, 150 पैकी किमान 90 मिळाले तर." पुढे बेरीज होती, ती चुकलेली होती. बँकेतल्या माणसाने कोणत्या गोष्टींवर हक्क सांगावा याला मर्यादा असते. मी तोंड मिटलं.

पुस्तक त्यांनी ठेवून घेतलं. आधी चष्मेवाली वाचणार, तिचं मराठी भाचीपेक्षा बरं आहे. मग कुरळा, त्याला पी. लाल यांचं इंग्रजी भाषांतर मिळेल असं मी सांगितलं, तर म्हणाला, त्यात त्या मुलाच्या नोट्स असतील का? तीन जणांचे नंबर लागले. मराठी कादंबरीला जुहूमध्ये वाचक मिळाले म्हणून मी स्वतःला शाबासकी देत रिक्षाने परत निघालो. समुद्राकडे पाहिलंसुद्धा नाही.

पार्ल्याचा पूल ओलांडेपर्यंत भाचीने त्या पानांचे फोटो तिच्या इन्स्टाग्रामवर चढवले होते, वर मथळा: 'हा मुलगा शोधा'. बहिणीने ते पाहिले. माझ्या बहिणीला साहित्यातलं काही कळत नाही, पण शाळेच्या दिवसांत तिच्या प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच ठोकत असे, त्यामुळे माझं अक्षर तिला कोर्टात साक्ष देण्याइतकं ठाऊक आहे. मी जिना चढत असताना ते फोटो 'आपलं कुटुंब' या गटावर येऊन पडले. खाली तिचा मजकूर: "हे तर दादाचं अक्षर!!!" उद्गारचिन्हं आमच्यात आनुवंशिक आहेत.

त्याखाली मेव्हण्यांचा अंगठा, मोठ्या काकांचे हात जोडलेले, आणि नाशिकच्या आतेभावाचा प्रश्न, की दहावीला शेवटी गणितात किती मिळाले.

दार उघडं होतं. आमच्या घरी 'म'पासून नाव सुरू होणारी एकच व्यक्ती आहे, आणि ती सोफ्यावर बसून दोन बोटांनी फोटो मोठा करून बघत होती.

"स. कोण?" तिने विचारलं.

"सावंत," मी चप्पल काढत म्हणालो. "शिवाजी सावंत. लेखक आहेत."

तिने फोटो आणखी मोठा केला. खालचं वाक्य नीट वाचलं. चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

"सावंतांनी स्वतःचं पुस्तक चाळीस पानांत सोडलं?"