उजव्या सोंडेचा मग

भाचीनं काढलेला गणपती डाव्या सोंडेचा होता. ऑनलाइन बाजारात मगवर विकायला होता तो उजव्या सोंडेचा. बाकी सगळं जसंच्या तसं. तोच पितळी कड्यांचा झोपाळा, तेच मोदकांचं ताट, आणि हेडफोन लावून बसलेला तोच उंदीर.

चोरानं चित्र आरशात धरल्यासारखं उलटं केलं होतं. उलटं केलं की फोटोवरून शोधणारी यंत्रं चकतात, असा या धंद्यातला समज. कधी कधी चकतातही. पण गणपती उलटा केला की सोंड उजवीकडे जाते, उजव्या सोंडेचा गणपती कडक, त्याचं सोवळं सांभाळावं लागतं, हे त्याला कोण सांगणार?

चोरीलासुद्धा थोडा अभ्यास लागतो हो.

सहीसुद्धा अर्धीच पुसलेली. उंदराच्या शेपटीशेजारी एक वेलांटी लोंबकळत राहिली होती. गिऱ्हाइकाला वाटलं असेल, उंदराला दोन शेपट्या आहेत.

भाचीला हे कळलं कसं? मैत्रिणीचा मेसेज आला: ‘अगं, तुझे मग आले बाजारात? सांगायचं नाही का!’ चोरीची पहिली बातमी हल्ली अभिनंदनाच्या रूपात येते.

मग आम्ही दोघं शोधायला बसलो. गुगल लेन्सला मूळ चित्र दाखवलं, काही नाही. चित्र उलटं करून दाखवलं, तर रांगच लागली. मग, टीशर्ट, उशीचा अभ्रा, मोबाइलचं कव्हर. भाचीच्या गणपतीचा एवढा मोठा संसार झाला होता आणि माहेरी साधं कळवलंही नव्हतं.

असली दुकानं ओळखायला चित्रकार असावं लागत नाही. एकाच दुकानात वारली, सामुराई, लांडगा, अंतराळवीर आणि विठ्ठल. इतक्या शैलींत काम करणारा कलाकार एक तर प्रतिभावंत असतो, नाही तर डाउनलोडवंत. आणि सगळीकडे तोच एक दाढीवाला तरुण, हात खिशात घालून उभा. त्याच्या अंगावरचा शर्ट चारशे वेळा बदलतो, सुरकुती मात्र एकदाही बदलत नाही. कारण शर्ट शिवलेलाच नसतो. तुम्ही पैसे भरले की छापतात.

म्हणजे चोराकडे गोदाम नाही, माल नाही, मुद्देमाल नाही. धाड घालायची कुठं?

हे काम माणसं करतात असंही समजू नका. २०१९ च्या डिसेंबरात ट्विटरवर चित्रकारांच्या एक गोष्ट ध्यानात आली. कुणी चित्राखाली ‘हे टीशर्टवर पाहिजे’ असं लिहिलं, की एक स्वयंचलित यंत्रणा ते चित्र उचलते आणि टीशर्ट विक्रीला लावते. त्यांनी सापळा लावला. कुणी चित्रातच लिहिलं की ही साइट चोरीची चित्रं विकते, इथून घेऊ नका, तर कुणी मिकी माऊस काढला. चाहत्यांना सांगितलं, आता मागा टीशर्ट!

टीशर्ट आले. मजकुरासकट.

यंत्राला वाचता येत नव्हतं, हा त्यातला विनोद. पण मिकीच का? चित्रकारांना पक्कं ठाऊक होतं की त्यांच्या स्वतःच्या चित्रासाठी कुणी हलणार नाही, आणि डिस्नेच्या वकिलांसाठी सगळे धावतील. दुबळ्यानं दुबळ्याच्या भाषेत तक्रार करून काय होणार? बलवानाचा उंदीर पुढं करायचा. आमच्या भाचीच्या उंदराला वकील नव्हता, एवढंच.

तर, तक्रार. विक्रीला लावणं एका टिचकीचं काम. काढायला सांगणं म्हणजे पासपोर्टचा अर्ज. तुम्ही या कलाकृतीच्या मालक आहात का? हो. पुरावा? चित्र माझ्याकडे आहे. चित्र तर त्यांच्याकडेही आहे!

तिनं थरांसकट मूळ फाइल दिली, पेन्सिलीची कच्ची रेखाटनं दिली, पहिल्यांदा टाकलेल्या पोस्टची तारीख दिली. एका रेखाटनात उंदराला हेडफोनऐवजी कानटोपी होती. चोराकडे पक्कं सगळं असतं. कच्चं काहीच नसतं.

पुढचा रकाना: नोंदणी क्रमांक. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्र काढल्याक्षणी हक्क लागतो, चित्रकाराच्या हयातीत राहतो आणि पुढे ६० वर्षं टिकतो. नोंदणी ऐच्छिक. अर्जातला लाल तारा मात्र ऐच्छिक नसतो.

आणि प्रत्येक लिंकला वेगळा अर्ज. गणपती एक, लिंका चौदा.

शेवटी तिचं पूर्ण नाव, पत्ता, फोन. खाली बारीक अक्षरात: ही माहिती विक्रेत्याला कळवली जाऊ शकते. चोराला तिचा पत्ता मिळणार. तिला चोराचा? दुकानाचं नाव आणि साडेचार तारे.

कायदा नाही असं नाही. कायदा आपल्याकडे नेहमीच असतो. मध्यस्थाकडे, म्हणजे ऑनलाइन बाजाराकडे, लेखी तक्रार करा. त्याची खात्री पटली तर ३६ तासांत मजकूर बंद. छान! पण बंद राहणार २१ दिवस. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आणला नाहीत, तर पुन्हा सुरू करायला तो मोकळा.

२१ मोदक ठीक आहेत. २१ दूर्वा ठीक आहेत. आपल्या कोर्टात २१ दिवसांत आदेश?

ई-कॉमर्सचे २०२० चे नियम तर वाचण्यासारखेच आहेत. ज्यांचा माल कॉपीराइटसारख्या कारणानं वारंवार काढावा लागला, अशा विक्रेत्यांची नोंद बाजारपेठेनं ठेवावी, असं त्यात म्हटलंय. वा! पुढच्याच वाक्यात म्हटलंय की अशा विक्रेत्याला बाहेर काढण्याची सक्ती मात्र नाही. म्हणजे चोरांची वही ठेवायची. छान पुठ्ठा घालून.

पोलीस? कायद्यात शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं, दंड ५० हजार ते दोन लाख. गुन्हा दखलपात्र आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगून टाकलंय. आम्ही चौकीत गेलो.

‘काय चोरीला गेलं?’

‘चित्र.’

‘आता कुठं आहे?’

‘माझ्याकडेच आहे.’

‘मग?’

‘मगवरही आहे.’

हवालदारसाहेबांनी चहा मागवला. काचेच्या ग्लासातला, सुदैवानं.

मोठी चोरी लवकर उघडी पडते, कारण ती मोठ्या जागी जाऊन बसते. २०१८ च्या जानेवारीत ‘एल’ या फॅशन मासिकाच्या भारतीय आवृत्तीच्या मुखपृष्ठावर सोनम कपूर डिओरच्या पोशाखात झळकली. त्यावरची योगासनं करणारी माणसं दिल्लीच्या ‘पीपल ट्री’ या दुकानवाल्यांना ओळखीची वाटली. वाटणारच, त्यांच्याच ठशांमधली होती, असं त्यांचं म्हणणं. ‘पीपल ट्री’च्या ओरिजित सेन यांनी जाहीर बोभाटा केला आणि पुढं प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं.

धडा काय? आपलं चित्र चोरलं जाणारच असेल, तर निदान सोनम कपूरच्या अंगावर जावं. २९९ रुपयांच्या मगवर गेलं तर कुत्रं विचारत नाही.

आणि ज्यांच्या चित्रावर एका माणसाची सहीच नसते, त्यांनी काय करावं? वारली लग्नाचा चौक, मधोमध पालघट देवी. तो उशीच्या अभ्र्यावर येतो आणि आपण पाठ टेकून टीव्ही बघतो. अर्जात मालकाच्या नावाचा रकाना एकच आहे. तिथं अख्खा पाडा कसा बसवायचा?

आता आपल्याबद्दल. हो, आपल्याबद्दल. मंडळाच्या टीशर्टवरचा गणपती कुणी काढला, हे कार्यकर्त्याला विचारून बघा. ‘गुगलवरनं घेतला.’ जणू गुगल हे गिरगावातल्या कुणा चित्रकाराचं आडनाव. दिवाळीचं शुभेच्छापत्र पाठवताना खालची सही कापून तिथं ‘समस्त कुलकर्णी परिवार’ कोण टाकतं? आणि चित्राखाली कौतुकानं ‘सौजन्य: इंटरनेट’ लिहिणारे तर थोरच. घरफोडी करून दारावर ‘सौजन्य: शेजारी’ अशी पाटी लावल्यासारखं.

भाचीच्या मगखाली एकशे बारा अभिप्राय होते. एकानं लिहिलं होतं, ‘खूप ओरिजिनल.’

तर विक्रेत्याचा पत्ता हवा होता. ई-कॉमर्सच्या त्याच नियमांत त्याची सोय आहे: विकत घेणाऱ्या ग्राहकानं लेखी मागितलं, तर बाजारपेठेनं विक्रेत्याची माहिती द्यावी. ग्राहकानं. चित्रकारानं नव्हे. म्हणून भाची ग्राहक झाली. स्वतःचं चित्र, उलटं, २९९ रुपयांना, वर घरपोच देण्याचे ४० रुपये.

बिलावर पत्ता निघाला. गाळा नंबर, इमारत, पिनकोड. नकाशावर तिथं पंक्चरचं दुकान दिसतं.

मग आला. कान तुटलेला. गणपतीचा नाही, मगचा. ताईनं, म्हणजे भाचीच्या आईनं, लांबूनच नमस्कार केला. म्हणाली, ‘उजव्या सोंडेचा आहे, मी यात चहा घेणार नाही आणि हा घासायलाही टाकणार नाही.’ तेव्हापासून तो देवघराच्या वरच्या फळीवर आहे. चोरीचा माल, सोवळ्यात.

भाचीनं त्या दिवशी दोन तक्रारी केल्या. पहिली, मग फुटका आल्याची. दुसऱ्या दिवशी सकाळी ३३९ रुपये परत, वर दिलगिरी. दुसरी, चित्र चोरल्याची. आज एकोणिसावा दिवस, ‘पडताळणी सुरू आहे.’

फोटो दोन्हीकडे एकच जोडला होता.